सुंद्राक्का आणि पिनावाल्या बायका

माझी नात मुक्ता पुण्याहून सुट्टीला आली, की तिचा एक ठरलेला उद्योग असतो. आजीला हादरवायचं. एकदा केस निळे करून आली. मी म्हटलं, “बरं झालं, आता कपड्यांना नीळ वेगळी आणायला नको.” तेव्हापासून ती ईर्ष्येला पेटली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिनं भर दुपारी पडदे ओढले, पंखा मोठा केला, टीव्हीला स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि म्हणाली, “आज्जी, एका पंक रॉक बँडवरचा माहितीपट आहे. तुला झेपणार नाही, पण बघ.”

“पंक म्हणजे चिखल,” मी म्हटलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? “पंकात जन्मतं ते पंकज.”

“आज्जी, हे वेगळं पंक.”

पुढं जे पाहिलं, त्यावरून मला तरी काही वेगळं वाटलं नाही. चिखलच होता, आणि त्यात तीन बायका यथेच्छ लोळत होत्या. परदेशातलं कुठलं तरी पावसाळी गाव. फाटके मोजे, पोपटी केस, कपड्यांवर जागोजागी सेफ्टी पिना, एकीच्या तर कानातही पीन. एकीच्या हातात गिटार, एक ढोल बडवत होती आणि मधली माइक धरून किंचाळत होती. सूर कुणालाच नव्हता. पुढ्यातली गर्दी उड्या मारत होती आणि, मुक्तानं सांगितलं म्हणून कळलं, कौतुकानं त्यांच्यावर थुंकत होती. मग त्याच बायका म्हाताऱ्या झालेल्या दाखवल्या. त्यांतली मधली स्वयंपाकघरात चहा गाळत म्हणाली, की आम्हाला वाजवता येत नव्हतं म्हणून आम्ही थांबलो नाही. येईपर्यंत थांबलो असतो तर राग निघून गेला असता.

मुक्ता माझ्या तोंडाकडं बघत होती. आजी आता ‘शिव शिव’ म्हणेल या आशेनं.

पण मी ओरडले, “अगं, ही तर सुंद्राक्का!”

सुंद्राक्का म्हणजे आमची सोलापूरच्या भवानी पेठेतली शेजारीण. मुक्ताला ती माहीत होती, पण मोठ्या आवाजाची, दारात बसून चादरींचे दोरे कापणारी म्हातारी म्हणून. तिची खरी ओळख मुक्ताला नव्हती. ती करून द्यायची, तर माझ्या लग्नापासून सुरुवात करायला हवी, आणि तिथं मला माझीच अब्रू काढावी लागते. हरकत नाही. तेव्हाच्या मला जरा कुणी तरी वाजवायलाच हवं होतं.

तेव्हाची मी म्हणजे दोन वेण्या, जाड चष्मा आणि जगातल्या सगळ्या शुद्धलेखनाची जबाबदारी. बी. ए. ला मराठी घेतलं होतं. लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घासाठी मी वडिलांना छापखान्यात दोनदा पाठवलं होतं. आणि माझ्याच हट्टानं रुखवतात लाडू, करंज्या, पितळी डबे यांच्या शेजारी माझी पुस्तकं मांडली होती. सासरच्यांना कळू दे ना, आपण काय रत्न नेतोय ते!

हल्ली रुखवत नुसतं मांडतात आणि फोटो काढतात. तेव्हा आमच्या भागात ते बोलायचं. मुलीकडच्यांनी वस्तू मांडल्या, की मुलाकडची एखादी बाई पदर खोचून पुढं यायची आणि दोन ओळी फेकायची. पहिल्या ओळीत रुखवतातली वस्तू, दुसऱ्या ओळीत विहिणीची इज्जत. मग तिकडून तशाच दोन ओळींत उत्तर. जिला उत्तर सुचलं नाही, ती हरली. कितीही झोंबलं तरी रुखवताचा राग धरायचा नाही, आणि रुखवतात चारचौघींपुढं दिलेला शब्द मागं घ्यायचा नाही. एवढं सगळ्या जणी पाळत.

माझ्या लग्नात सासरकडून बोलायला सासूबाईंनी सुंद्राक्काला आणलं होतं. तिशीची असेल. काळीसावळी, रुंद हाडाची, गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधलेली एक छोटी कात्री. ती कात्री तिनं लग्नाच्या मांडवातसुद्धा काढली नव्हती. पुस्तकांकडं तिनं एकदा पाहिलं, एकदा माझ्या चष्म्याकडं पाहिलं, आणि मांडवाचं कापड हलेल अशा आवाजात म्हणाली,

“रुकवत आलं रुकवत, त्यात व्हतं पुस्तक,
नवरीला न्हाय सैपाक येत, निस्तं हालतंय मस्तक!”

हशा झाला. माझ्या आईकडच्या बायका उत्तर जुळवू लागल्या. आणि मी, शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली नवरी, उभी राहिले आणि म्हणाले, “वृत्त चुकलंय. दुसऱ्या ओळीत मात्रा जास्त होतात.”

नवरीनं रुखवतात बोलायचं नसतं, हे लहान पोरींनाही ठाऊक होतं. सुंद्राक्कानं माझ्याकडं मान वळवली.

“कसलं व्रत मोडलं गं माजं? मी ना सोमवार धरते, ना गुरवार!”

“व्रत नाही, वृत्त!”

“तेच की. आगं बायांनु, नवरी बोलली!” आणि लगेच,

“रुकवत आलं रुकवत, त्यात व्हती मात्रा,
नवरीनंच त्वांड उगाडलं, आता भरली जत्रा!”

त्या दिवसापासून मी व्रताबाई झाले. पुढं शाळेत नोकरी लागली, मुख्याध्यापिका झाले, निवृत्त झाले, पेठेत लोक ‘बाई’ म्हणू लागले. सुंद्राक्काला त्याचं काही नव्हतं. मुख्याध्यापिका झाल्याचे पेढे घेऊन गेले, तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाली, “म्हंजी आता व्रत मोडलं की समद्या शाळेला शिक्षा व्हय?”

आमच्या बोळामागं यंत्रमागांची शेड होती. अक्काचा नवरा तिथं मागावर, आणि अक्का तयार चादरींचे लोंबते दोरे कापायला. मागांची खटकपटक दिवसभर. त्या आवाजावरून बोलायचं, म्हणून तिचा आवाज चढला तो चढलाच. तिला कुजबुजता येत नसे. एखादीच्या सुनेला दिवस गेल्याचं ती ‘कुनाला सांगू नगंस’ म्हणून माझ्या कानात सांगायची, आणि कोपऱ्यावरचा किराणावाला तिथून विचारायचा, “कितवा महिना, अक्का?” केसांत कायम लाल-हिरव्या दोऱ्यांचे तुकडे. आमच्याकडं आली तरी खुर्चीवर बसायची नाही. उंबऱ्यावर बसायची, एक पाय आत, एक बाहेर. चहा बशीत ओतून. मी एकदा म्हटलं, “अक्का, आत बसा की नीट.” तर म्हणाली, “हितनं दोनी घरचं ऐकू येतं.”

तिला सूर नव्हता. मी संगीताच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळं हे मी तिला लगोलग सांगितलं होतं. तिला वाईट वाटलं नाही. “गळा देवानं दिला की,” ती म्हणाली, “सूर द्याच्या वक्ताला त्याची जेवायची येळ झाली.” आणि चादर पुढं ओढून कापायला लागली. मागाच्या ठेक्यावर तिची मान हलत असे. दोन ओळी जुळवायच्या असल्या की ती मागाकडं कान देऊन बसायची. माग चालला की शब्द चालतो, असं तिचं म्हणणं. संप असला की मात्र तिला काही सुचत नसे, नुसती चिडचिड करायची.

मुक्तानं माहितीपट थांबवून ठेवला होता. “आज्जी, या बायकांनी त्यांच्या घरमालकावर गाणं केलं होतं. अक्काआजींनी असं काही केलं होतं का?”

केलं होतं की. त्या शेडमध्ये तेव्हा बायकांसाठी संडास नव्हता. शेडमागं एक मोकळा कोपरा होता. एकीनं बसायचं, दोघींनी पदर धरून आडोसा करायचा. मालकाकडं तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती; कामावरून काढलं तर? मग मालकाच्या मुलीचं लग्न निघालं. मोठं लग्न, शहरातले बडे लोक, पण बायका हौशी, म्हणून रुखवताला सुंद्राक्काला बोलावलं. आणि ती नवऱ्यामुलाकडची नसताना, मालकाचंच मीठ खाऊन, मालकाकडं तोंड करून म्हणाली,

“रुकवत आलं रुकवत, त्यात व्हती चादर,
शेटजीच्या शेडात बाया आडोशाला धरत्यात पदर!”

मी तिथं होते. मी काय केलं म्हणाल, तर मान खाली घालून करंजी खाल्ली. पंचवीस-सव्वीस वर्षांची सुशिक्षित बाई, भाषणात स्त्रीस्वातंत्र्यावर बक्षीस मिळवलेली. करंजी मात्र फार मन लावून खाल्ली. मालक आधी लाल झाला. पण व्याही समोर, आणि रुखवताचा राग धरायचा नसतो. मग तो हसला. हसावंच लागलं त्याला. पुढच्याच आठवड्यात शेडमागं गवंडी आला.

“भारी!” मुक्ता म्हणाली. “मग आता का गात नाहीत?”

तीच तर गोष्ट होती. अक्कानं तोंड मिटलं होतं. तिच्या नातवाचं लग्न एका मोठ्या हॉलमध्ये झालं. डीजे होता. अक्का उठली, पदर खोचला आणि रुखवताच्या टेबलापुढं जाऊन बोलायला लागली. तेवढ्यात डीजेवाल्यानं आवाज मोठा केला. तिला ते कळायला वेळ लागला. ती बोलत राहिली, हात नाचवत राहिली. कुणी तरी त्याचा व्हिडिओ काढला, त्याला एक सिनेमाचं गाणं जोडलं आणि मोबाइलवर फिरवला. पेठेतली पोरं ओठ हलवून अक्काची नक्कल करायला लागली. वाईट हेतू कुणाचा नसावा, पण अक्कानं तो व्हिडिओ पाहिला. मला म्हणाली, “व्रताबाई, त्वांड माजं, आन आवाज दुसऱ्याचा.” त्यानंतर कुणी रुखवताला बोलावलं की, “गळा मेला माजा,” एवढंच.

आणि मुक्ता आली, नेमकं त्याच उन्हाळ्यात तिला गळ्याची गरज पडली होती. तिची नात सोनाली एसटीत कंडक्टर होती. आईवडील करकंबला शेती बघत. सोनाली ड्यूटीसाठी सोलापुरात अक्काजवळ राही. पहाटे खाकी घालून, वेणी घट्ट बांधून ती निघाली, की अक्का दारात उभी राहून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघे. सोनालीचं लग्न ठरलं ते माळशिरसच्या एका घरात. मुलगा सोलापुरातच नोकरीला, चांगला वाटला. पत्रिका वाटून झाल्यावर मध्यस्थाकरवी निरोप आला : लग्नानंतर खाकी बंद. आमच्या घरची सून गर्दीत तिकिटं फाडत फिरणार नाही.

सोनालीच्या वडिलांनी हात टेकले. म्हणाले, पत्रिका गेल्या, आता तोंड उघडलं तर लग्न मोडेल. सोनाली दोन दिवस जेवली नव्हती.

“बोलव दोघींना,” मुक्ता म्हणाली. “पहिल्यापासून लावते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या. सोनाली ड्यूटीवरून थेट, खाकीतच. अक्का नेहमीसारखी उंबऱ्यावर. तिला टीव्ही दिसेना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिला आत, पलंगावर बसवलं.

“काय हाय म्हनलीस?”

“पंक बँड, अक्काआजी.”

“पंचरवाल्या हायत व्हय?”

बायका दिसल्यावर मात्र ती सरसावून बसली. मुक्ता मराठीत सांगत होती, पण अक्काला त्याची फारशी गरज नव्हती. “आगं, पिना हायत की हिच्याकडं! बाईमानसाकडं पीन पायजेच.” तिनं बांगडीत अडकवलेल्या स्वतःच्या दोन पिना टीव्हीला दाखवल्या. “आन ही लोकं थुकत्यात का गं?”

“कौतुक म्हणून.”

“आपल्यात अक्षता टाकत्यात. ज्येची त्येची रीत.” जरा वेळानं, “ही मदली हाय न्हवं, हिला सूर न्हाय बग अजाबात.” हे ती असं म्हणाली, जसं एखादीला आपल्या गावची बाई परमुलखात भेटावी.

मग तो प्रसंग आला. एका हॉलच्या मालकाला त्यांचं गाणं आवडलं नाही आणि त्यानं मधूनच त्यांच्या यंत्रांची वीज काढून घेतली. गिटार मुकी झाली, माइक मेला. मधल्या बाईनं माइक खाली ठेवला, स्टेजवरून उडी मारून गर्दीत शिरली आणि नुसत्या गळ्यानं ओरडू लागली. ढोलवाली ढोल बडवतच होती. गिटारवाली एक खोका बडवू लागली. लोकांनी टेबलं बडवली, आणि पुढची ओळ गर्दीनंच म्हटली.

अक्का पलंगावरून उठली.

“करंट काडला त्येनी?”

“हो.”

“आन तरी?”

“तरी.”

“परत लाव.”

मुक्तानं परत लावलं. अक्कानं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. सोनाली भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, “आज्जी, मला नोकरी सोडायची न्हाय. मी कुनाला म्हनले न्हाय. तुला म्हनते.”

अक्का चहा प्याली, बशी धुऊन पालथी घातली. जाताना मला म्हणाली, “व्रताबाई, लग्नाला येशील तवा पायात चपला घालूनच हिंड. हालात वायरी लई असत्यात.”

ही काळजी कशापायी, ते मला कळलं नाही. मी म्हटलं ना, बी. ए. झालेली आहे.

लग्न करकंबला, नव्या हॉलमध्ये. मुक्ता आणि मी गेलो. डीजेच्या पेट्या माझ्यापेक्षा उंच. जमिनीवरून हादरा पायात, पायातून दाढेत. रुखवत सुरेख मांडलं होतं : स्टीलची भांडी, लोकरीची फुलं, आणि एका कोपऱ्यात घडी घातलेली खाकी, वर तिकिटांचं जुनं यंत्र. ती कुणी ठेवली, हे मुलीच्या आईलाही ठाऊक नव्हतं. विहीणबाई, माळशिरसच्या, भारदस्त बाई, नाकात मोठी नथ, त्या खाकीकडं बघून थबकल्या.

टेबलाच्या या बाजूला अक्का आली. पदर खोचला. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पायाकडं बघितलं. मग माझ्या पायाजवळून गेलेल्या जाड काळ्या वायरीकडं बघितलं.

सत्तरी ओलांडलेल्या बाईचा पाय कुठंही अडकतो. त्याला काय करणार?

हॉल एकदम असा शांत झाला, की तान्ही पोरं दचकून रडायला लागली. डीजेवाला ओरडत माझ्याकडं धावला. मी जमिनीवर बसून, “अगं बाई, माझा गुडघा गं!” असा काही गळा काढला, की तो प्लगाकडं जायचं सोडून मला पाणी आणायला गेला. आणि तेवढ्यात अक्कानं रुखवतातलं एक ताट उचललं, उलथन्यानं त्याच्यावर मागाचा ठेका धरला. खटक-पटक, खटक-पटक.

“रुकवत आलं रुकवत, त्यात व्हती खाकी,
सून तेवडी नेता विहीणबाई, नोकरी का ठेवता बाकी?”

आवाज थोडा फाटला होता. पण सगळ्यात मागच्या खुर्चीपर्यंत पोचला. सोनालीचे वडील खांबामागं गेले. सोनाली मुंडावळ्यांमधून समोर बघत होती. लग्न लागायचं होतं अजून. एक शब्द वाकडा गेला असता, तर वऱ्हाड परत माळशिरसला गेलं असतं.

विहीणबाईंच्या शेजारी उभे असलेले त्यांचे दीर पुढं सरसावले. “हा काय प्रकार हाय? आमची बेइज्जती—”

“तुमी थांबा वो भावजी,” विहीणबाई म्हणाल्या. “रुकवत हाय. बाप्यांचं काय काम हितं?”

त्यांनी नथ सावरली. बायका पुढं सरकल्या. आणि मग त्या नथवाल्या भारदस्त बाईनं एक हात कमरेवर ठेवला. तेवढ्यावरून मला कळलं, ही काही आज पहिल्यांदा उभी राहत नाही.

“रुकवत आलं रुकवत, त्यात व्हती पाटी,
सून फाडील तिकिटं, मग भाकरी कुनाच्या हाती?”

म्हाताऱ्या बायकांनी “वाऽऽ!” केलं. कुणी तरी वाटी वाजवली. अक्काचा ठेका चुकला नाही.

“रुकवत आलं रुकवत, त्यात व्हता तवा,
भाकरी थापाया विहीणबाई, ल्योक तुमचा हवा!”

नवऱ्यामुलाचे मित्र हसून एकमेकांवर पडले. नवरदेव लाजला आणि, हे मी स्वतः ऐकलं, हळूच म्हणाला, “येते मला. खोलीवर मीच करतो.” विहीणबाईंनी चमकून मुलाकडं पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं. मग त्या अक्काकडं वळल्या. आता सगळ्या बायकांच्या हातात रुखवतातलं काही ना काही होतं, कुणाकडं झारा, कुणाकडं पळी, आणि सगळ्या एकाच ठेक्यात वाजवत होत्या. तो आवाज डीजेपेक्षा कमी नव्हता. विहीणबाई बराच वेळ गप्प. हरल्या, असं वाटायला लागलं, आणि हरल्याचा राग मनात राहिला तर सोनालीचं पुढं काय, या विचारानं मी दुखत नसलेला गुडघा दाबून धरला.

मग त्यांचे ओठ हलले. आधी हसू आलं, मग शब्द.

“रुकवत आलं रुकवत, त्यात व्हती बस,
करू दे नोकरी पोरीला, पर म्हातारे, आता बस!”

हॉलमध्ये एकच हशा फुटला. अक्कानं ताट खाली ठेवलं आणि विहीणबाईंच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या की रडत होत्या, ते मला तेवढ्यात धक्का लागून चष्मा पडल्यामुळं दिसलं नाही. दीर म्हणाले, “वैनी, असं कसं—” आणि निदान दहा बायका एकदम ओरडल्या, “रुकवतात बोलल्यात!” डीजेवाला पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. त्याला मुक्तानं सांगितलं, “दादा, आता लावलं तरी चालेल.”

शब्द पाळला गेला. सोनालीनं सोलापुरातच बिऱ्हाड केलं. अक्काला मग भवानी पेठेत एकटीनं राहायचं कारण उरलं नाही, आणि मागही बंद पडत चालले होते. तिनं करकंबला मुलाकडं जायचं ठरवलं. वर्षभरानं, थंडीत, तिकडूनच ती गेल्याचा निरोप आला. माझ्या डोळ्यांपुढं मात्र तिचं शेवटचं दर्शन एसटी स्टँडवरचं आहे.

मी तिला पोचवायला गेले होते. पंढरपूर गाडी होती, तिथून पुढं बदलून करकंब. तिचं बोचकं मी वर ठेवलं, तिला पहिल्याच बाकावर खिडकीशी बसवलं आणि खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले. गाडीवर सोनालीचीच ड्यूटी होती. हा योगायोग नव्हता. अक्कानं मुद्दाम दोन गाड्या सोडल्या होत्या. सोनाली खाकीत, गळ्यात मंगळसूत्र, हातात यंत्र, पहिल्या बाकापासून तिकिटं काढायला आली.

“कुटं जायाचं?”

“मला इचारतीस व्हय कुटं जायाचं?”

“कार्ड दाखवा.” पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट असते, पण वयाचं कार्ड दाखवावं लागतं.

“मला कार्ड मागतीस?” अक्काचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. “तुजी दुपटी धुतली मी!”

“दुपट्यांचं कार्ड चालत न्हाय, आज्जी. वयाचं दाखवा. न्हायतर तिकीट घ्या, न्हायतर खाली उतरा. माज्या मागं लाइन हाय.”

गाडी हसली. अक्कानं तोंड उघडलं. मी खाली उभी राहून वाट बघत होते, आता काय येतंय त्याची. काही आलं नाही. ती तशीच, तोंड उघडं ठेवून, नातीकडं बघत राहिली. मग तिनं मुकाट्यानं कमरेच्या चंचीत हात घातला आणि कार्ड काढून दिलं. सोनालीनं ते उलटंपालटं करून पाहिलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात दिलं आणि “पुढं सरका” म्हणत निघून गेली.

अक्का खिडकीतून खाली वाकली.

“बगितलंस का व्रताबाई? उत्तरच ठेवलं न्हाय पोरीनं.”

दोनदा घंटी वाजली. गाडी हलली. अक्कानं मला हात केला नाही. ती बाकावर पूर्ण मागं वळून बसली होती, तिकीट मुठीत धरून, आणि गर्दीतून वाट काढत जाणाऱ्या खाकी पाठीकडं बघत होती.